बेणारेबाईंची शाळा

सुलभा देशपांडे कोण, असा प्रश्न एखाद्या मराठी घरात टाकून पाहावा. उत्तरं वयाच्या क्रमाने येतात. कॉलेजात जाणारी नात म्हणते, 'इंग्लिश विंग्लिश'मधली श्रीदेवीची सासू. तिची आई म्हणते, अगं, 'चौकट राजा'मधली नंदूची आई, विसरलीस का? स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज येतो, आमच्या 'अस्मिता' मालिकेत होत्या की त्या! मग खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले आजोबा चष्मा काढतात आणि एवढंच म्हणतात, "बेणारे." नातीला संदर्भ लागत नाही आणि आजोबांना तो लावून देता येत नाही. प्रयोग पाहिलेल्या माणसाची ही जुनीच पंचाईत आहे. त्याच्यापाशी पुरावा काही नसतो, नुसती खात्री असते.

चारही उत्तरं बरोबर आहेत. नटीचं आयुष्य असंच तुकड्यातुकड्यांनी लोकांच्या घरी जाऊन राहतं; ज्याच्या वाट्याला जो तुकडा आला, तीच त्याची नटी. पण मला कुणी विचारलं तर मी पाचवं उत्तर देईन: छबिलदासच्या बाई. दादरच्या छबिलदास शाळेत सुलभाताईंनी नोकरीची सुरुवात केली, एवढ्यासाठी नाही. त्यांची सगळी कारकीर्दच मला त्या शाळेच्या अंगाने गेलेली दिसते. कधी वर्गातून, कधी हॉलमधून, आणि एकदा तर एका अशा शिक्षिकेच्या रूपाने, की जिच्यावर भर कोर्टात खटला चालतो.

दादर पश्चिमेला, स्टेशनाच्या पुलावरून उतरलं की माणूस चालत नाही, वाहतो. भाजीचे ढीग, गजऱ्यांच्या टोपल्या, दोरीला लटकवलेले गाऊन, केसांच्या क्लिपा, दिवाळी आली की कंदील आणि गणपती आले की मखरं. "बोला ताई, काय दाखवू" हे वाक्य इथे हवेतच असतं. या गर्दीत छबिलदासची गल्ली आहे. श्रीकृष्णचा बटाटावडा खाण्यासाठी लोक त्या गल्लीत वळतात, कढईपाशी ताटकळतात, वडा पावात घालून न घेता नुसता चटणीशी खातात, आणि कागदाला बोटं पुसून चालू लागतात. मान वर करून शाळेच्या खिडक्यांकडे बघायची तसदी फार थोडे घेतात. मी त्याच परिसरात वाढले, आणि मीही वर्षानुवर्षं खालीच बघत गेले. त्या गल्लीत पायाखाली बघितलं नाही तर टोमॅटोवर पाय पडतो.

सुलभाताईंचा जन्म १९३७ चा, मुंबईतलाच. माहेरच्या त्या कामेरकर. पन्नासच्या दशकात त्या छबिलदासमध्ये शिकवू लागल्या. वर्गात मुलं होती, स्नेहसंमेलनाला नाटक हवं होतं, आणि हाताशी जी नाटकं होती ती मुलांच्या तोंडी मोठ्यांची भाषा कोंबणारी होती. राजे, ऋषी, उपदेश. तेव्हा या तरुण शिक्षिकेने विजय तेंडुलकरांनाच सांगितलं, माझ्या मुलांसाठी नाटक लिहून द्या. तेंडुलकर तेव्हा वृत्तपत्रात नोकरी करणारे, नाटककार म्हणून नुकते कुठे नाव होऊ लागलेले. त्यांनी लिहून दिलं. पुढे 'इथे बाळे मिळतात', 'चिमणा बांधतो बंगला' अशी मुलांची नाटकं तेंडुलकरांच्या नावावर जमा झाली. 'गिधाडे' आणि 'सखाराम बाइंडर' लिहिणारा हाच माणूस, हे कुणी पहिल्यांदा ऐकलं की त्याला खरं वाटत नाही. मला मात्र ते सरळ वाटतं. मुलं खोटं बोलणाऱ्या पात्राला क्षणात ओळखतात. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्याची लेखणी साफ होते.

आणि त्यांना शिकवणाऱ्याचा आवाजही. वर्गावर जाणाऱ्या बाईला एक गोष्ट पहिल्या आठवड्यात कळते: पहिल्या बाकावरची मुलं आपोआप ऐकतात, खरी परीक्षा शेवटच्या बाकाची. तिथे आवाज पोचवायचा, पण ओरडायचं नाही. ओरडलं की मुलं घाबरतात आणि मग ऐकतच नाहीत. तिथे नजरही पोचवावी लागते. फळ्याकडे पाठ, समोर साठ तोंडं, खाली भाजीवाल्यांचा गलका आणि पलीकडून जाणारी लोकल. एवढ्यातून एक वाक्य शेवटच्या बाकापर्यंत नेऊन ठेवायचं. नाट्यशिक्षणाच्या संस्थांत ज्याचे तास होतात, ते दादरच्या शिक्षिका रोज सकाळी प्रार्थनेनंतर फुकट करत आल्या आहेत.

पण शाळेतल्या बाईने रंगमंचावर जाणं हे पन्नास-साठच्या दशकातही वाटतं तितकं सोपं नव्हतं. त्याच्यामागे गिरगावचा एक इतिहास आहे. 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने १ जुलै १९३३ रोजी 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत रिपन थिएटरात केलं, आणि त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. तोवर स्त्रीपार्टी पुरुषांची सद्दी होती. लोक बालगंधर्वांच्या शालूची चर्चा करत. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक कंपनी काढून ती सद्दी आधीच थोडी हलवली होती. १९३३ साली मध्यमवर्गीय घरातल्या बायका गद्य संवाद बोलत, घरातल्यासारख्या वावरत, रंगमंचावर आल्या. मग १९३५ साली निघालेल्या साहित्य संघाने गिरगावात, केळेवाडीत, नाट्यमहोत्सवांचा पायंडा पाडला. डॉ. अ. ना. भालेरावांसारख्या दवाखाना सांभाळून नाटकाचा ध्यास घेतलेल्या माणसाने तिथे नटनट्या गोळा केल्या. १९६४ मध्ये साहित्य संघ मंदिर उभं राहिलं, १९६५ मध्ये दादरला शिवाजी मंदिर. परळला दामोदर नाट्यगृह तर १९२२ पासूनच होतं. गिरणगावातल्या कामगारांची नाटकं तिथे रंगत. म्हणजे गिरगावातून निघून चर्नी रोडला लोकल पकडलेली नटी दादरला उतरली, तिथून परळला गेली, तर तिला तीन वेगवेगळे प्रेक्षक भेटत. एक साहित्य वाचलेला, एक वर्गणी भरून सहकुटुंब आलेला, आणि एक पाळी संपवून आलेला. या तिघांनाही एकच वाक्य कळलं पाहिजे, ही मुंबईच्या नटीची खरी तालीम.

१९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी 'रंगायन' ही नाट्यसंस्था काढली. सुलभाताई त्यात होत्या. अरविंद देशपांडे हे त्यांचे पती. दिवसा नोकऱ्या, संध्याकाळी तालमी. 'रंगायन'च्या मंडळींना तिकीटबारीवर हाऊसफुल्लची पाटी बघायची घाई नव्हती. एक नाटक महिनोन्‌महिने बसवायचं, त्याचे मोजके प्रयोग करायचे, आणि पुन्हा नव्या संहितेला हात घालायचा. घरची मंडळी विचारत असतील, यातून मिळतं काय? त्याचं उत्तर १९६७ च्या डिसेंबरात मिळालं.

राज्य नाट्यस्पर्धेसाठी 'रंगायन'ने 'शांतता! कोर्ट चालू आहे' केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं. नाटकाचं बीज तेंडुलकरांना वाटेत सापडलं होतं: पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या काही हौशी मंडळींचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. नाटकातली मंडळीही तशीच आहेत. मुंबईतला एक हौशी संच एका गावी खटल्याचा प्रयोग करायला आलेला आहे. रात्रीला वेळ आहे, तोवर काय करायचं? तर एक गमतीचा खटला चालवू. आरोपी कोण? लीला बेणारे. आरोप? भ्रूणहत्या.

बेणारे पहिल्या प्रवेशात येते तीच बोट चोखत. दाराच्या कडीत बोट चेमटलेलं असतं. तेंडुलकरांनी ती कडी उगीच ठेवलेली नाही. शेवटी बेणारेला तिथून सुटून जायचं असतं तेव्हा तीच कडी बाहेरून लागलेली असते. पण हे नंतर. सुरुवातीला ही बाई गाणी गुणगुणते, गावातल्या भोळ्या सामंताची फिरकी घेते, आपल्या संचातल्या एकेका शहाण्याच्या नकला करते. शाळेविषयी अभिमानाने बोलते: आपण कशा वेळेवर जातो, मुलं कशी आपल्याला धरून असतात. तिचं बोलणं जरा जास्त आहे, हसणं जरा मोठं आहे. कुठेतरी काहीतरी झाकलेलं आहे, हे प्रेक्षकाला कळायच्या आत नटीला कळलेलं असावं लागतं आणि ते कळल्याचं तिने दाखवायचं नसतं. मग खेळ सुरू होतो. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे, एकेक जण साक्षीच्या निमित्ताने बेणारेच्या खऱ्या आयुष्यात हात घालतो. खेळातला आरोप खरा निघतो. ज्याच्यापासून तिला दिवस गेले तो प्राध्यापक दामले आज आलेलाच नाही. त्याची खुर्ची रिकामी. आणि न्यायाधीश होऊन बसलेला काशीकर तिला बचावासाठी देतो दहा सेकंद.

या दहा सेकंदांवर मी पुष्कळदा विचार केला आहे. कोर्टातल्या त्या दहा सेकंदांत बेणारे एक अक्षर बोलत नाही. सगळे जागच्या जागी गोठतात, प्रकाश बदलतो, आणि रंगमंचावर ते भलं मोठं स्वगत सुरू होतं, जे तिथल्या कुणालाच ऐकू जात नाही. ऐकतो फक्त प्रेक्षक. तेंडुलकरांना ते स्वगत मुळात नको होतं. अरविंद देशपांडे हट्टाला पेटले, आणि त्यांच्या आग्रहापायी ते लिहिलं गेलं. पुढे कित्येकांनी लिहिलं की स्वगत नसतं तरी नाटक पुरं होतं. असेल. पण नाट्यशाळांच्या प्रवेशपरीक्षेला, एकपात्री स्पर्धांना, कॉलेजच्या गॅदरिंगला आजही मुली तेच स्वगत घेऊन उभ्या राहतात. त्या मुलींना समीक्षकांशी देणंघेणं नसतं. त्यांना तोंड उघडायला मिळालेली जागा दिसते.

मी बेणारे पाहिली ती पडद्यावर. सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये त्या नाटकाचा चित्रपट केला. छायाचित्रण गोविंद निहलानींचं, आणि अमोल पालेकर त्यात होते. काळापांढरा, जरा खरखरीत, पैसे जपून वापरल्याचं जागोजागी दिसणारा चित्रपट. तो पाहताना माझं लक्ष सुलभाताईंच्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या हातांकडे जात राहिलं. शिक्षिकेचे हात असतात तसे, मुद्द्याला मुद्दा लावणारे. पदर सावरतानासुद्धा त्यांच्यात एक कामसूपणा आहे. खटला पुढे सरकतो तशी त्या हातांची ही सवय मोडत जाते. हातांना काय करावं ते सुचत नाही. बेणारेची नोकरी जाणार हे संवादातून कळायच्या आधी ते तिच्या हातांत दिसतं. वर्गावर उभं राहिलेल्या बाईलाच ठाऊक असतं की खडू नसलेला हात किती रिकामा असतो.

नाटकाच्या शेवटी सगळे खेळ संपला म्हणून कपडे झटकतात आणि रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. बेणारे पडलेली. सामंताने पुतण्यासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट तो हळूच तिच्यापाशी ठेवून जातो. नाटकभर तिला मिळालेला हा एकमेव प्रामाणिक साक्षीदार.

अशी भूमिका मिळाल्यावर कुणीही नटी काय करेल? व्यावसायिक नाटकांची दारं उघडी होतील, दौरे लागतील, जाहिरातीत नाव वर चढेल, प्रयोगामागची नाइट वाढेल. सुलभाताईंच्या आयुष्यात पुढे जे झालं ते मला भूमिकेइतकंच मोठं वाटतं. 'रंगायन'मधून बाहेर पडून अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७१ मध्ये 'आविष्कार' काढलं. पहिलं नाटक गिरीश कार्नाडांचं 'तुघलक'. मराठी अनुवाद तेंडुलकरांचा, तुघलक अरुण सरनाईक. एवढा मोठा संच, एवढा मोठा पसारा करून झाल्यावर या मंडळींच्या लक्षात आलं की मुंबईत प्रायोगिक नाटकाला नाटक नको आहे, जागा हवी आहे. शिवाजी मंदिरचं भाडं द्यायचं आणि शंभर माणसांसमोर नवं काही करून पाहायचं, हे गणित कुठल्याच वहीत जमत नव्हतं.

आणि जागा सापडली ती छबिलदास शाळेत. वरच्या मजल्यावरचा हॉल. १९७४ पासून तिथे नाटकं होऊ लागली, आणि पुढे नाटकाच्या इतिहासात या शाळेच्या नावाने एक चळवळच नोंदली गेली. शाळा सुटली की हॉल नाटकवाल्यांचा. दुबे तिथे हिंदी नाटकं करत, पालेकर त्यांची, जयदेव हट्टंगडींनी लोर्काच्या 'येर्मा'वरून बेतलेलं 'चांगुणा' केलं आणि त्यातल्या रोहिणी हट्टंगडी लोकांच्या डोळ्यांत भरल्या. नाटककार, नट, चित्रकार, कॉलेजातली पोरं, सगळे त्याच जिन्याने वर जात. आज मराठी-हिंदी पडद्यावरची किती नावं त्या जिन्यावरून चढली त्याची यादी करायची तर रात्र पुरणार नाही.

मला वडिलांनी तिथे नेलं तेव्हा ते दिवस ओसरत आले होते. नाटक कुठलं ते आठवत नाही. आठवतं ते असं: पडदा नव्हता. खुर्च्यांची पहिली रांग आणि नट यांच्यात हातभर अंतर. समोरच्या बाईच्या पदराला लावलेली पिन मला दिसत होती, आणि बोलता बोलता तिच्या गळ्याची शीर कशी ताणली जाते तेही. लोकल गेली की ती वाक्य मध्येच धरून ठेवायची, गाडी पुढे गेली की तिथूनच उचलायची. जणू ती गाडीही तालमीला हजर होती. मागे कुणाच्या तरी हाताला वड्याचा वास येत होता. मला भीती वाटली. शिवाजी मंदिरात नटी लांब असते, तिचं दुःख लांब असतं. इथे ती रडली तर आपल्याला रुमाल द्यावा लागेल, इतकी जवळ.

असा हॉल चालवणं म्हणजे काय काम असतं, ते कलाकारांच्या चरित्रांत येत नाही. खुर्च्या मांडायच्या, प्रयोग संपला की उचलायच्या, कारण सकाळी शाळा भरते. दिव्यांच्या वायरी गुंडाळायच्या. नव्या पोराने लिहिलेलं पहिलं नाटक ऐकायचं, आवडलं नाही तरी त्याला तारीख द्यायची. नव्वदच्या दशकाच्या आरंभी हा मुक्काम उठला, 'आविष्कार' माहीमच्या महापालिका शाळेत गेलं. पुन्हा शाळाच. काकडेकाकांनी शेवटपर्यंत हे ओझं वाहिलं. १९८७ च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले, आणि त्याच १९८७ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. हातात एक गोष्ट आली तेव्हा दुसरी निसटलेली. अरविंद देशपांडे यांच्या नावाने 'आविष्कार' महोत्सव भरवत राहिलं, आणि सुलभाताई कामाला राहिल्या.

मोठ्यांच्या नाटकाइतकंच त्यांनी मुलांचं नाटक सांभाळलं. 'आविष्कार'ची बालशाखा 'चंद्रशाला' ही त्यांची खास जागा. 'दुर्गा झाली गौरी' या नृत्यनाट्यात रंगमंचभर मुलं नाचत; आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना त्या काळात दुर्गा व्हायचं होतं, शहाणी गौरी कुणालाच नको होती. १९७८ मध्ये चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी त्यांनी 'राजा रानी को चाहिए पसीना' हा चित्रपट दिग्दर्शित केला. मराठी बालरंगभूमीला दोन आया मिळाल्या असं म्हणता येईल. गिरगावच्या बाजूने सुधा करमरकर, ज्यांनी १९५९ मध्ये 'मधुमंजिरी' करून 'लिटल थिएटर' सुरू केलं. आणि दादरच्या बाजूने सुलभाताई. सुधाताईंच्या हाताखालून भक्ती बर्वे आल्या. १९७५ मध्ये 'ती फुलराणी'तली मंजुळा त्यांनी अशी गाजवली की पु. लं.च्या त्या नाटकाचं नाव घेतलं की आजही त्यांचाच आवाज कानात येतो. भक्ती बर्वे दूरदर्शनवर बातम्याही देत. २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं, आणि रंगमंचावरचा चेहरा दिवाणखान्यात यायला लागला, तो अशा मुलींपासून. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरच्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या. त्या दिवशी दादरमध्ये लोक एकमेकांना फोन करून खात्री करत होते.

सुलभाताईंना कॅमेऱ्याने पकडलं ते जरा वेगळ्या वाटेने. १९७७ च्या 'भूमिका'त त्या स्मिता पाटीलच्या आई झाल्या, त्याच वर्षीच्या 'जैत रे जैत'मध्ये होत्या. १९८० च्या 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है'मध्ये अल्बर्टचे आईवडील म्हणजे सुलभा आणि अरविंद देशपांडे. वडील गिरणीकामगार, संपात मार खाल्लेले. कामगार नेते दत्ता सामंतांचा मोठा गिरणी-संप त्यानंतर दोन वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. लालबाग-परळच्या किती घरांत तेव्हा अशीच एक आई बसलेली असेल: नवऱ्याच्या डोक्याला पट्टी, मुलाच्या डोक्यात राग, आणि हिने दोघांना जेवायला वाढायचं. गिरण्यांच्या जागी आता काचेचे टॉवर आहेत. ज्यांना तो काळ बघायचा आहे त्यांनी त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघावं. त्यात भाषण नाही, घोषणा नाही, पगाराची तारीख टळून गेल्याची काळजी आहे.

मग मालिका आल्या. हिंदी आल्या, मराठी आल्या. मालिकेच्या सेटवर नाटकवाल्याला पहिला धक्का बसतो तो तालीम नसल्याचा. सकाळी कॉल टाइम, मेकअप होईतो हातात सीन येतो, शाई ओली असल्यासारखा गरम. दोनदा वाचायचा, की लाइट झाला. आजचा एपिसोड उद्या संध्याकाळी लागणार. शिवाय आवाज शेवटच्या बाकापर्यंत न्यायची आयुष्यभराची सवय इथे उलटी करावी लागते. कॅमेरा हातभर अंतरावर. पण ज्यांनी छबिलदासमध्ये काम केलं होतं त्यांना हे हातभर अंतर नवं नव्हतं. पदराची पिन दिसेल इतक्या जवळून लोक बघतात, हे त्यांना माहीतच होतं. म्हणून त्या पिढीतले नट मालिकेत आले की आजूबाजूच्या गडगडाटात तेवढाच एक कोपरा शांत वाटतो. आजीची भूमिका, चार वाक्यं, त्यातली तीन 'जेवलीस का' छापाची. तरी सुलभाताई ते विचारायच्या तेव्हा समोरची मुलगी खरंच जेवलेली नाही असं वाटायचं.

'इंग्लिश विंग्लिश' २०१२ चा. त्यातल्या सासूला काम फार नाही. सुनेची इंग्रजीवरून घरात टिंगल होते, आणि ही सासू सुनेच्या बाजूने असते. मराठी-हिंदी पडद्यावरच्या सासवांची गर्दी पाहिली तर एवढी गोष्टसुद्धा दुर्मीळ. भर घरात एका बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांत आपण बसायचं नाही, हे सुलभाताईंना कुणी वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी तो पिंजरा आतून पाहिला होता. ४ जून २०१६ ला त्या गेल्या. वय एकोणऐंशी.

कारकीर्द मोजायची आपली रीत साधी आहे. भूमिका किती, प्रयोग किती, पुरस्कार किती, मालिकेचे भाग किती. या रीतीने मोजलं तर सुलभाताईंपेक्षा लांब याद्या असलेल्या नट्या पुष्कळ निघतील. त्यांना मी उणं म्हणत नाही; नटाने काम करावं, पैसे कमवावेत, घर बांधावं. पण मुंबईसारख्या शहरात, जिथे चौरस फुटाला जीव जातो, एका नटीने स्वतःच्या भूमिकेपलीकडे दुसऱ्यांना उभं राहायला जागा मिळवून दिली आणि पोरांना आधी बोलायला शिकवलं, हे मला मोठं वाटतं. बेणारे कितीही थोर असली तरी ती एका संध्याकाळची असते. छबिलदासचा हॉल पुढे कित्येक वर्षं रोज संध्याकाळी उघडा होता. माझ्या हिशेबी ही त्यांची सर्वांत लांब चाललेली भूमिका.

आज छोट्या नाटकांचे गट कुणाच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, शाळांच्या वर्गांत, सोसायटीच्या गच्चीवर तालमी करतात. जागेची अडचण १९७४ मध्ये होती तशीच आहे, फक्त भाडी वाढली. तेव्हा वाचकांना सांगणं एवढंच. वर्षातून एक तरी नाटक असं बघा, ज्यातल्या एकाही नटाचं नाव तुम्हाला माहीत नाही, आणि त्याचं तिकीट काढून बघा, पास मागू नका. तुमच्या हातात एखाद्या शाळेचा, मंडळाचा, सोसायटीचा हॉल असेल, तर संध्याकाळी त्याची किल्ली द्यायला शिका. आणि मे महिन्यात बालनाट्य शिबिराची जाहिरात दिसली, तर मुलीला जरूर पाठवा. ती मालिकेत झळकेल म्हणून पाठवू नका. तिला कुणी कधी दहा सेकंद दिलेच, तर त्यात तिला आपलं म्हणणं मोठ्याने मांडता यावं, म्हणून पाठवा.